बदललेल्या गुडघ्याच्या वर मांडीचं हाड मोडलं तर या चुका टाळा

फोन बहुतेक पहाटे येतो. "डॉक्टर, आईचा बदललेला गुडघा निसटला हो. पाय वाकडा दिसतोय." गुडघा सहसा निसटलेला नसतो. धातूचा सांधा जागच्या जागी असतो, मोडलेलं असतं त्याच्या लगेच वरचं मांडीचं हाड. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, हाडं आधीच ठिसूळ, आणि खाली कडक धातू. पडताना सगळा ताण येतो तो धातू संपून हाड सुरू होतं त्या जागी. रात्री बाथरूमला जाताना उंबऱ्याला ठेच लागली तरी तेवढं पुरतं.

घरात होणारी पहिली चूक म्हणजे पाय ओढून सरळ करणं. पोटरीचे स्नायू मोडलेल्या हाडाचा खालचा तुकडा मागे खेचतात आणि पायाची मुख्य रक्तवाहिनी नेमकी तिथेच मागून जाते. तेल, चोळणं, हाडवैद्याचा पट्टा यातलं काहीही नको. गुडघ्याखाली उशी ठेवा, पाय आहे तसा दोन्ही बाजूंनी चादरीच्या गुंडाळ्यांनी टेकवा, बोटं गार पडली आहेत का बघा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. बोटं गार आणि पांढरी असतील तर हे फोनवर आधीच सांगा.

जुनी फाइल घरी राहते

ही चूक माझ्या डोक्यात कायमची बसली आहे, कारण ती मी स्वतः भोगली. उमेदवारीच्या काळातली गोष्ट. आजींचं मांडीचं हाड सांध्याच्या चार बोटं वर मोडलेलं. आम्ही ठरवलं, गुडघ्यातून आत रॉड घालायचा. तो घालायला मांडीच्या बाजूच्या धातूच्या मधोमध मोकळी जागा लागते. काही सांध्यांत ती असते. काहींत तिथे धातूची पेटी असते, आणि काही पेट्या वरून बंद असतात. गुडघा उघडला, समोर बंद पेटी. भूल दिलेली, टेबलावर रुग्ण, आणि आम्ही हाडाला बाहेरून स्क्रूने बसवायच्या प्लेटचा सेट यायची वाट बघत उभे. पेटीला ड्रिलने भोक पाडता येतं, पण धातूचा कीस सांध्यात पसरतो. आम्ही ते केलं नाही. तास-दीड तास मात्र वाया गेला. आजी बऱ्या झाल्या, पण तो तास त्यांच्या हृदयाने सोसला, आमच्या नाही.

पेटी उघडी की बंद, हे सांध्याच्या कंपनीवर आणि मॉडेलवर ठरतं. एक्स-रेत ते दर वेळी कळत नाही. कळतं ते पहिल्या ऑपरेशनच्या कागदांतून, जिथे इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात. उघड्या पेटीतही जागा किती मिलिमीटर आहे यावर रॉडची जाडी ठरते. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून बिलात इम्प्लांटची नोंद वेगळी दाखवावी लागते, म्हणजे डिस्चार्ज कार्ड हरवलं तरी बिलात ती सापडते. घरात कुणाचा गुडघा बदललेला असेल तर स्टिकरच्या पानाचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. पहाटे तीनला कपाटातली पिशवी कुणाला सापडत नाही.

"पडायच्या आधी गुडघा दुखायचा का?"

हा एक प्रश्न अर्धा निर्णय करतो, आणि घाईत तोच विचारायचा राहतो. सांधा हाडाला घट्ट धरून असेल तर मोडलेलं हाड जोडायचं, रॉडने किंवा प्लेटने. सांधा आधीच सैल असेल तर कितीही सुबक प्लेट लावा, खालचा आधारच हलणार आहे. खुर्चीतून उठून पहिली चार पावलं टाकताना दुखणं, गेल्या काही महिन्यांत नव्याने आलेली सूज, धातूभोवती एक्स-रेत काळी रेघ, जुन्या फोटोच्या मानाने सरकलेला सांधा, या खुणा सैलपणाच्या. शंका असेल तर सीटी स्कॅन करा. सैलपणामागे जंतुसंसर्गही असू शकतो. फ्रॅक्चर झाल्यावर सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची तपासणी) तसाही वाढतो, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका. सांध्यातलं पाणी काढून तपासायला द्या.

सांधा सैल असेल, किंवा खालचा तुकडा इतका छोटा की त्यात स्क्रू धरणारच नाहीत, तर हाडाचा तो भागच काढून मोठा बिजागरीचा सांधा बसवतात. मूळ हाडाच्या गाठींच्या ऑपरेशनमधला हा सांधा. पेशंट दुसऱ्या दिवशी उभी राहते, हा त्याचा मोठा फायदा. पण तो बिघडला तर मागे परतायला हाडच उरत नाही, आणि जंतुसंसर्ग झाला तर गोष्ट पाय गमावण्यापर्यंत जाते. म्हणून सोपा आणि झटपट दिसतो एवढ्यासाठी तो निवडू नये, असं माझं मत. सगळ्यांचं तसं नाही.

"वय झालंय, प्लास्टर घालून बघू"

घरच्यांना भुलीची भीती वाटते, म्हणून हे सुचतं. पण अंथरुणात सहा आठवडे पडून राहणं हीच या वयात मोठी जोखीम आहे: पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताची गुठळी, रात्री गोंधळलेलं डोकं. धोक्याच्या दृष्टीने हे फ्रॅक्चर खुब्याच्या फ्रॅक्चरच्याच पंगतीतलं समजा आणि शक्य तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करा. रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे आठवडाभर थांबायलाच हवं असंही नाही. कोणती गोळी आणि शेवटची कधी घेतली, हे भूलतज्ज्ञाला नेमकं सांगा. मात्र हाड जागचं हललेलंच नसेल किंवा माणूस आधीपासून अंथरुणाला खिळलेला असेल, तर प्लास्टरचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

ऑपरेशन टेबलावरच्या चुका

हे तरुण सहकाऱ्यांसाठी. रॉड घालताना हमखास होणारी चूक म्हणजे गुडघा मागे वाकलेला जुळणं. पेटीतली मोकळी जागा मागच्या बाजूला असते, त्यामुळे रॉड हव्या त्यापेक्षा मागून शिरतो, शिवाय पोटरी खेचत असतेच. सी-आर्मच्या (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) बाजूने घेतलेल्या फोटोत सगळं बरं वाटेपर्यंत रॉड ठोकू नका. फ्रॅक्चरखाली टॉवेलची गुंडाळी घ्या, गुडघा थोडा वाकवा, गरज पडली तर रॉडची वाट अडवणारा एक स्क्रू टाका. पेशंट वॉर्डात उभी राहिल्यावर पाय मागे झुकलेला दिसला की उशीर झालेला असतो. आखूड रॉड वापरू नका, तो मांडीत मधेच संपतो आणि पुढचं फ्रॅक्चर तिथे होतं.

प्लेटमध्ये चूक उलटी होते: आखूड प्लेट आणि सगळ्या भोकांत स्क्रू. रचना इतकी ताठ होते की हाडाला भरायला वाव मिळत नाही, आणि मग प्लेट तरी तुटते नाहीतर स्क्रू उपटतात. लांब प्लेट घ्या, मोडलेल्या जागेजवळची काही भोकं रिकामी ठेवा. वर खुब्यातही सांधा बसवलेला असेल तर प्लेट त्याच्या दांड्यावरून पुढे जायला हवी. दोन धातूंच्या मधला उघडा तुकडा हीच पुढची कमजोर जागा असते. आतल्या बाजूला हाडाचा चुरा झाला असेल तर एका प्लेटवर निभावत नाही. दुसरी प्लेट, किंवा रॉड आणि प्लेट दोन्ही, हा आता रूढ होत असलेला उपाय आहे, कारण त्याने पेशंटला लवकर उभं करता येतं.

आणि इथेच पुढची गडबड होते. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, "तीन महिने पाय टेकवू नका." ऐंशी वर्षांची बाई एका पायावर उड्या मारत चालणार आहे का? एक तर ती पाय टेकवणारच, नाहीतर पलंगावरच बसून राहणार. रचना अशी करा की वॉकर घेऊन तिला टेकवता येईल, आणि किती वजन चालेल ते फिजिओथेरपिस्टला लेखी द्या.

शेवटची चूक टाळायला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दिसणारी: हाड जोडलं, पण ठिसूळपणावर काहीच केलं नाही. ड जीवनसत्त्व, डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी, आणि मग वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा रोज टेरीपॅराटाइडचं इंजेक्शन, यातलं काय ते डॉक्टर किडनीचा रिपोर्ट पाहून ठरवतील. ठिसूळपणावर औषध कधी सुरू करायचं, हे मात्र घरच्यांनी आठवणीने विचारावं, कारण या वयात अनेकींचा दुसरा गुडघाही बदललेला असतो, आणि त्याच्या वरचं हाडही तेच, तितकंच ठिसूळ.