दिव्यांग पीडितेची साक्ष: तपासात आणि खटल्यात या चुका टाळा

दिव्यांग स्त्रीवरील लैंगिक अत्याचाराचा खटला सत्र न्यायालयात कमकुवत पडतो, त्याचे कारण पुष्कळदा पहिल्या दोन-चार दिवसांच्या कागदपत्रांत सापडते. तिच्या साक्षीचे मूल्य किती, याबद्दल कायद्यात आता संदिग्धता उरलेली नाही. पीडिता जगाशी वेगळ्या रीतीने संवाद साधते एवढ्याच कारणावरून तिची साक्ष दुय्यम मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पटान जमाल वली प्रकरणात सांगितले. त्या प्रकरणातील दृष्टिहीन तरुणीने घरी नेहमी येणाऱ्या आरोपीला आवाजावरून ओळखले होते आणि ती ओळख ग्राह्य धरली गेली. मात्र तपास अधिकाऱ्याने जबाबात ‘आवाजावरून ओळखले’ एवढेच लिहून सोडणे ही चूक आहे. आरोपीचे येणेजाणे कधीपासून होते, तिच्याशी त्याचे बोलणे किती होत असे, घटनेच्या वेळी तो काय बोलला, हा त्या ओळखीचा पाया जबाबातच आला पाहिजे. नाहीतर हे तपशील प्रथमच कोर्टात सांगितले गेले की बचाव पक्ष त्यांना सुधारित कथन, म्हणजे मागाहून घातलेली भर, म्हणतो.

फिर्याद नोंदवण्यासाठी दिव्यांग पीडितेला ठाण्यात बोलावून ताटकळत ठेवणे तर सरळ कायद्याविरुद्ध आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार पोलिसांनीच तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या ठिकाणी जाऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत माहिती नोंदवायची असते आणि तिचे चित्रीकरणही करायचे असते. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा कलम 183 खालील जबाब तर तिची सरतपासणीच (साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाने कोर्टात घेतलेली पहिली साक्ष) मानला जातो. तो घाईघाईत चार ओळींत उरकला, तर नंतर भरून न काढता येणारी उणीव मागे राहते.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक मूकबधिर साक्षीदाराच्या बाबतीत होते. जवळचे नातेवाईक तिच्या खुणा समजतात म्हणून वडिलांना किंवा भावाला दुभाषी नेमले जाते आणि साक्षीच्या कागदावर ‘साक्षीदाराने खुणेने सांगितले की आरोपीने अत्याचार केला’ असे एक तयार वाक्य उतरते. हे वाक्य साक्षीदाराचे की दुभाष्याचे, हे अपिलात कोणी सांगू शकत नाही. राजस्थानमधील दर्शन सिंह प्रकरणात (2012), जे खुनाचे होते, सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या: दुभाष्याचा प्रकरणात हितसंबंध नसावा व त्याला शपथ दिलेली असावी, आणि खुणेचा अर्थ लिहिताना ती खूणही नोंदवावी. म्हणजे कागदावर ‘साक्षीदाराने आरोपीकडे बोट दाखवले, मग स्वतःचे मनगट घट्ट पकडून दाखवले; दुभाष्याच्या म्हणण्याप्रमाणे याचा अर्थ, याने माझा हात धरला’ असे यायला हवे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 125 नुसार अशा साक्षीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. साक्षीदाराला लिहिता येत असेल तर तिच्याकडून लेखी उत्तरे घेणे अधिक सुरक्षित, हे मात्र अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढ स्त्रीचे ‘मानसिक वय’ सात-आठ वर्षांचे आहे म्हणून पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लावण्याचा आग्रह धरू नये. 38 वर्षांच्या एका स्त्रीच्या वतीने केलेली तशी विनंती सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये एरा प्रकरणात नाकारली. पोक्सोपुरते वय म्हणजे जन्मापासूनचे वय. अशा वेळी भारतीय न्याय संहितेचे कलम 64(2) लावावे, ज्यात दिव्यांग स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. दोषारोप केवळ सर्वसाधारण बलात्काराच्या 64(1) खाली ठेवला गेला तर शिक्षेच्या फरकाहून मोठे नुकसान होते: शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर आणि पीडितेने कोर्टात संमती नव्हती असे सांगितल्यावर संमती नव्हतीच, असे गृहीत धरण्याची साक्ष अधिनियमाच्या कलम 120 मधील तरतूद 64(2) साठीच आहे. म्हणून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र दोषारोपपत्रासोबत जोडावे आणि ‘तुमची संमती होती का’ हा प्रश्न, तिला समजेल अशा शब्दांत, सरकारी वकिलांनी विचारल्याशिवाय राहू नये.

बुद्ध्यंकाच्या आकड्यावर सगळी भिस्त ठेवणेही घातक आहे. हिमाचल प्रदेशातील चमनलाल प्रकरणात (2020) पीडितेचा बुद्ध्यंक 62, म्हणजे दिव्यांगत्व सौम्य, तरीही दोषसिद्धी कायम राहिली. घरकाम येते म्हणजे संमतीचा अर्थ कळतो, असे होत नाही. याबद्दल तिला तपासलेल्या डॉक्टरांची सविस्तर साक्ष हवी.

पीडिता साक्ष देऊच शकली नाही तर खटला संपला, असे मानून सरकार पक्षाने हात टेकू नयेत. महाराष्ट्रातील बंडू ऊर्फ दौलत प्रकरणात (2017) मूकबधिर मुलीची साक्ष न झाल्यामुळे उच्च न्यायालयाने आरोपीला सोडले होते. इतर पुरावा पुरेसा असताना एवढ्या कारणावरून निर्दोष मुक्तता होऊ शकत नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अर्थात हा मार्ग शेवटचा. तत्पूर्वी संवेदनशील साक्षीदार (ज्यांना साक्ष देताना विशेष संरक्षण लागते असे) केंद्रात साक्ष घेण्याचा अर्ज करावा. 2022 च्या स्मृती बदाडे प्रकरणातील आदेशामुळे दिव्यांग साक्षीदारांचाही या संज्ञेत समावेश झाला आहे. हा अर्ज साक्षीच्या तारखेला नव्हे, तर दोषारोप निश्चित होताच द्यावा, म्हणजे दुभाष्याची सोय करण्यास न्यायालयाला वेळ मिळतो.