बापांचा गट: सुरुवात कधी, बैठकीत काय

बाळ सांभाळायला आणि घरकामात वाटा उचलायला शिकवणारा बापांचा गट गावात बांधायचा तर बायकोला पाचवा-सहावा महिना असतानाच बापांची नावं नोंदवा. पहिलं बाळंतपण बहुतेकदा माहेरी होतं. बाप मागे राहतो आणि पहिले दोन-तीन महिने बाळ त्याच्या हाती लागतच नाही. सासुरवाडीला गेला तरी जावयाचा पाहुणचार होतो, लंगोट बदलायला कुणी देत नाही. म्हणजे शिकायचं ते ती माहेरी जाण्याआधीच. गरोदर बायकांची यादी आशाताईंकडे असते, पण नवऱ्याला बोलावण्याआधी त्या बाईला एकटीला गाठून विचारा. ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावात दिवाळीच्या सुमारास गट सुरू केला तर टोळ्या निघताच तो मोडतो. तिथे मे-जून बरा.

दहा-बारा जण, आठवड्यातून एकदा, रात्री जेवणं झाल्यावर दीड तास. जागा शाळेचा व्हरांडा किंवा अंगणवाडी. देवळाचा सभामंडप नको, तिथे सगळ्या वस्त्यांतले बाप मोकळेपणाने बसत नाहीत. सरपंच आले तर बाप म्हणून गोलात बसतील; भाषण सुरू झालं की बैठक संपली समजा. एखाद-दुसऱ्या व्याख्यानाने सवयी हलत नाहीत. रवांडातल्या ‘बांदेबेरेहो’ उपक्रमात पुरुषांच्या 15 बैठका होत्या, त्यातल्या 8 बायकांसोबत. तिथे नवऱ्यांकडून होणारी मारहाण कमी झाल्याचं बायकांनीच सांगितलं.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाला 24 शेंगदाणे द्या, एक दाणा म्हणजे एक तास. आधी स्वतःचा दिवस मांडायचा, मग बायकोचा: स्वयंपाक, पाणी, रान, गुरं, झोप. (दाणे खाल्ले जातात, मूठभर जास्त न्या.) बायकोच्या दुपारी ‘आराम’चे तीन-चार दाणे हमखास पडतात. तिथे वाद घालू नका. घरी जाऊन तिलाच मांडायला सांगा आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही मांडण्या शेजारी ठेवा.

त्यानंतर हाताचं काम. तीन किलो तांदळाची पिशवी दुपट्यात गुंडाळून बाळ करा. मानेखाली हात, ढेकर काढणं, लंगोट बांधणं हे प्रत्येकाने तीन-तीनदा करायचं. कमी वजनाच्या बाळाला बापही छातीशी घेऊ शकतो: सदरा काढून, बाळाला फक्त टोपी, लंगोट, मोजे, बाळ उभं, तोंड एका बाजूला, वरून पांघरूण. एका वेळी निदान तासभर, कारण सारखं उचलून-ठेवून बाळ गार पडतं. हे नर्सबाईंकडून करून दाखवलेलं बरं. रडणं थांबेना आणि डोकं तापलं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून दोन-चार मिनिटं बाहेर जायचं. गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

घरचा अभ्यास छोटा आणि दिसणारा द्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदरपणाची मोफत तपासणी असते. तिथे सोबत जायचं, माता-बाल कार्ड स्वतः वाचायचं. एक धोका इथे हटकून येतो. काही जण सोबत करण्याच्या नावाखाली डॉक्टरांशी स्वतःच बोलतात, बायकोला तोंड उघडू देत नाहीत. त्यांना एकच काम द्या: तिने विचारायचे प्रश्न आदल्या रात्री तिच्याकडून लिहून घ्यायचे आणि आत गेल्यावर गप्प बसायचं.

मारहाणीचा विषय निघाला तर गटात कुणाच्या घरचं उघडं पाडू नका, बदला घरी बाईवर निघतो. कार्यकर्तीने तिला एकटीला भेटून 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक द्यावा.

हजेरीपटावरून यश मोजू नका. बाळ-बाळंतीण माहेराहून परतल्यावर तीन महिन्यांनी बाई कार्यकर्तीने आईला विचारायचं: काल रात्री बाळ रडलं तेव्हा कोण उठलं?