परदेशात जाताना इथलं सिम फोनमध्येच राहू द्या

परदेशात पोचल्यावर तिथलं सिम घालायचं म्हणून इथलं काढून पाकिटात ठेवू नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. इथलं सिम जागेवर ठेवायचं आणि इंटरनेटपुरतं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच बसवता येणारं सिम घ्यायचं, ही सर्वांत निर्धोक सोय.

आधी *#०६# डायल करा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाच्या जोडीला ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला, तर फोन ई-सिम घेतो.

निघण्याच्या आठवडाभर आधी इथल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. प्रीपेड असेल तर रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपुढे हवी. ती संपली की काही दिवसांत ओटीपीही थांबतात. ई-सिम पुण्यातच, घरच्या वायफायवर बसवा, कारण ते बसवायलाच इंटरनेट लागतं. क्यूआर कोड त्याच फोनवर आला तर स्कॅन कशाने करणार? त्याची प्रिंट काढा. बसवलेलं ई-सिम डिलीट मात्र करू नका, बरेच कोड एकदाच चालतात.

खरी गफलत होते ती उतरल्यावर. ‘रोमिंग’ म्हणजे परदेशी नेटवर्कवर फोन आणि एसएमएस चालणं, ‘डेटा रोमिंग’ म्हणजे तिथे इंटरनेट चालणं; या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथल्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. एसएमएस तरीही येतात. मोबाइल डेटासाठी ई-सिम निवडा आणि त्याचं डेटा रोमिंग चालू करा. प्रवासी ई-सिम बहुधा दुसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं, म्हणून हे बटण बंद असलं की रेंज दिसते पण नेट चालत नाही. आयफोनवर ‘सेल्युलर डेटा स्विचिंग’ही बंद करा, नाहीतर ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप इथल्या सिमचा डेटा वापरू शकतो.

इथल्या सिमवर रोमिंग पॅक नसेल तर आलेला फोन उचलला तरी पैसे पडतात. घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरच फोन करायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपने नंबर बदलायचा का विचारलं तर जुनाच ठेवा. दुबईत व्हॉट्सअ‍ॅप कॉल सहसा लागत नाहीत, मेसेज जातात.

घरी आजी-आजोबा लँडलाइनच उचलत असतील, तर पुण्याच्या ०२० या कोडमधला पहिला शून्य गाळून +९१ २० आणि पुढे आठ आकडे लावा. अधिकचं चिन्ह शून्य दाबून धरलं की येतं. पण प्रवासी ई-सिमवर बहुधा नुसता डेटा असतो, त्यामुळे हा फोन इथल्या सिमवरून रोमिंगच्या दराने लागेल.