चिंचोळ्या प्लॉटवर वाचनालय करायचंय? आधी चौक आखा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा किंवा मांडवीकडच्या पोळांमधे, म्हंजे जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमधे, एखादं जुनं घर उतरवतात आणि दोन्ही बाजूला शेजाऱ्यांच्या भिंती, मधे साधारण १८ फूट रुंद, ६० फूट खोल अशी पट्टी उरते. अशा जागेवर मंडळाला वाचनालय करायचं असेल तर माझं सांगणं एकच, कागद घेऊन बसलात की सगळ्यात आधी मधला चौक, म्हंजे वरून उघडं अंगण, आखा, रॅक, टेबलं, काउंटर सगळं नंतर.

कारण उजेड. लांब भिंतींना खिडकी काढता येत नाही, राहिली पुढची आणि मागची बाजू. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जेवढा उंच त्याच्या दुप्पट, फार तर अडीचपट आतपर्यंत वाचण्याजोगा उजेड पोचतो, म्हंजे ८ फुटाला १६ ते २०. दोन्हीकडून मिळून ४० फूट धरा, मधे २० फूट भर दुपारी ट्यूबलाईट. उजेडाचा हा विचार आपल्या गावाला नवा नाहीये, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची फरशी आहे, वरचा उजेड खाली उतरावा म्हणून. सयाजीराव महाराजांनी १९१० मधे अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर वाचनालयं उभी केली, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, त्या गावात आपण अंधारी वाचनालयं बांधू नयेत असं मला मनापासून वाटतं.

तर दोन मजल्यांसाठी चौक १० बाय १२ फुटाचा घ्या, एका बाजूच्या भिंतीला लावून. दुसऱ्या बाजूला सहा-साडेसहा फुटाची वाट उरते. पुढे २४ फुटाची खोली, मागे २४ फुटाचा हॉल, दोन्हीला दोन-दोन बाजूंनी उजेड. चौकाच्या भिंतींना पांढरा चुना. आणि कोणीतरी ट्रस्टी हमखास म्हणणार की वर पत्रा टाका, तेवढीच जागा वाढेल. टाकू नका, काचही नको. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो तेव्हा गरम हवा वर निघून जायला हीच एक जागा असते. कबुतरांसाठी जाळी लावा, कडेने दोन फुटाचा छज्जा काढा, बास.

आता पाणी. विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ ला आणि २०२४ ला शहरात कुठवर आलं ते सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या गल्लीत किती चढलं होतं ते शेजारी हात लावून दाखवतील, ती उंची भिंतीवर खडूने मारा आणि मगच प्लिंथ, म्हंजे जोत्याची उंची, ठरवा. पण प्लिंथ दीड फूट केली की १ ला १२ (एक फूट चढायला बारा फूट लांबी) या हिशोबाने रॅम्प १८ फूट लांब होतो, अख्खा दर्शनी भाग त्यातच जातो. म्हणून मी दोन लेव्हल करते. पुढची खोली रस्त्यापासून फक्त ६ इंच वर, तिथे वर्तमानपत्रं, बाक, कोटा स्टोन, भिजलं तरी पुसून मोकळं. बाहेर ओटला, म्हंजे दारापुढचा ओटा, ठेवाच, सकाळी आजोबा मंडळी आधी तिथेच टेकतात. मग चौकाच्या कडेची १२ फुटाची वाट हाच रॅम्प, हळूहळू एक फूट चढतो आणि पुस्तकांचा हॉल दीड फुटावर येतो. व्हीलचेअरवाले आणि बाकीचे एकाच वाटेने जातात, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. चौकाची फरशी सगळ्यात खाली, आउटलेट दोन, एक तुंबला तर दुसरा.

खडूची खूण दीड फुटाच्या वर असेल तर पुस्तकं वरच्या मजल्यावर न्यावी लागतील आणि तिथे वजन आडवं येतं. घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या हिशोबाने करतात, पुस्तकांच्या रॅकला ६०० धरावे लागतात, तेही सव्वादोन मीटर उंचीपर्यंतच. हे इंजिनियरला पहिल्याच मीटिंगला सांगा, नंतर बीम वाढवता येत नाहीत. पुस्तकं खाली मावत असतील तर वर अभ्यासिका करा, परीक्षेवाल्या मुलांना शांतता लागते. रॅक स्टीलचेच, वाळवीमुळे, खालचा कप्पा जमिनीपासून फूटभर सोडून. मुलांचे रॅक चार फुटाच्या वर नकोत आणि मुलांना चौकाशेजारीच बसवा.

पाया खणताना घाई करू नका. शेजारची घरं लाकूड-विटांची, त्यांचा पाया उथळ असतो, सलग चर खणला तर त्यांची भिंत बसू शकते. चार-पाच फुटाचे तुकडे, एक सोडून एक, खणून भरून मग पुढचा. आपली फूटिंग, म्हंजे खांबाखालचा पाया, आपल्याच हद्दीत राहायला हवी, त्यासाठी कडेच्या फूटिंगला आतल्या फूटिंगशी जोडणारा स्ट्रॅप बीम लागतो. शेजाऱ्याच्या भिंतीवर स्लॅब टेकवायचा नाही, मधे गॅप सोडायचा, २००१ चा भूकंप इथे सगळ्यांना आठवतो. आणि खणायच्या आधी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांच्या भिंतीतल्या आहेत त्या भेगांचे फोटो काढा, एक सेट काका-काकूंकडेच देऊन ठेवा.