मनातली अढी कशी सोडवायची: सारिपुत्तांचे पाच दाखले

राग येतो आणि ओसरतो. अढी मात्र बसते. पालीत, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, तिला ‘आघात’ म्हणतात. मराठीतला आघात बाहेरून होतो, पालीतला आपणच आत धरून ठेवलेला असतो, सापानं डूख धरावा तसा. तो घालवायला बरेच जण थेट त्याच माणसाला मनात समोर आणून मैत्रीभावना (त्याचं भलं व्हावं असं ध्यान) करायला बसतात, आणि पाचव्या मिनिटाला जुनं भांडण पहिल्यापासून सुरू होतं. ‘विसुद्धिमग्ग’ या ध्यानावरच्या जुन्या बौद्ध ग्रंथात क्रम वेगळा आहे: आधी स्वतः, मग आदरणीय व्यक्ती, जिवलग, तटस्थ आणि वैरी सगळ्यांत शेवटी.

तोवर अढीचं काय करायचं? अंगुत्तर निकाय या सुत्तसंग्रहाच्या पंचक निपातात, म्हणजे पाच-पाच गोष्टींच्या भागात (सुत्त ५.१६२), बुद्धांचे शिष्य सारिपुत्त सांगतात: आधी माणूस पाचांपैकी कोणत्या प्रकारचा ते पाहा.

कागदावर तीन रकाने पाडा: वागणं, बोलणं, मन. (रकाने सुत्तात, म्हणजे मूळ उपदेशात, नाहीत, आपल्या सोयीसाठी.) डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलंच लिहा. ‘माजोरडा आहे’ हा निकाल झाला; ‘मंगळवारी चारचौघांत माझं बोलणं तोडलं’ ही नोंद.

वागणं वाईट, बोलणं चांगलं असेल तर तो वाटेवरची चिंधी. भिक्खू ती डाव्या पायानं दाबतो, उजव्यानं पसरतो, धड असेल तेवढा तुकडा फाडून घेतो आणि चालू लागतो. उसने पैसे वेळेवर न देणारा, पण पाठीमागे कधी वाईट न बोलणारा मित्र आठवा. त्या वेळी लक्ष फक्त बोलण्यावर.

बोलणं वाईट, वागणं चांगलं म्हणजे शेवाळलेलं तळं. शेवाळ दोन्ही हातांनी बाजूला सारायचं आणि ओंजळीनं पाणी प्यायचं. जिभेनं फटकळ, पण रात्री दोनला दवाखान्यात धावत येणारी आत्या इथली.

दोन्ही वाईट, पण अधूनमधून मन निवळतं, त्याला गाईच्या खुरात साचलेल्या पाण्याची उपमा आहे. ओंजळ घातली तर ते गढूळ होतं. म्हणून गुडघे-हात टेकून, गाईसारखं ओठांनीच प्यायचं. म्हणजे त्याचे बरे क्षण फार न ढवळता टिपायचे.

ज्याच्यात यातलं काहीच सापडत नाही तो लांबच्या वाटेवर एकटा पडलेला आजारी प्रवासी. मागचं गाव दूर, पुढचंही दूर. त्याच्यासाठी करुणा. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. चिंधीतला तुकडा शोधायचा कंटाळा म्हणून माणसाला या वर्गात ढकललं जातं, आणि करुणेच्या जागी ‘बिचारा!’ असा तुच्छ सूर येतो. आधीचे तिन्ही रकाने खरोखर रिकामे आहेत का, पुन्हा पाहा.

पाचव्याचं वागणं, बोलणं, मन तिन्ही चांगलं; तो स्वच्छ, गार तळ्यासारखा. अशा माणसावरही अढी बसू शकते, हे सारिपुत्तांनी गृहीतच धरलंय.

अढी सोडणं म्हणजे मार खात राहणं नव्हे. हात उचलणाऱ्यापासून आधी दूर व्हा, मदत घ्या, कागद नंतर.

आणि त्या माणसाला चूक दाखवायचीच असेल, तर त्याच निपातात (५.१६७) पाच कसोट्या आहेत: वेळ योग्य आहे का, गोष्ट खरी आहे का, शब्द मऊ आहेत का, त्याच्या हिताचं आहे का, मनात मैत्री आहे का. चार जमल्या आणि शेवटची अडली, तर त्या दिवशी फोन लावू नका.