भेटवस्तू बांधताना या चुका टाळा

वैशाखात उकिरड्यातलं खत वावरात पसरलं की वखर फिरतो. अलीकडे आमच्या वखराच्या पासेला काडीकचऱ्याबरोबर चंदेरी पट्ट्याही गुंडाळून येतात. कुणाच्या तरी लग्नातल्या आहेराचा तो चमकीचा कागद, आमच्याकडे त्याला पन्नी म्हणतात. दोन-तीन पावसाळे खड्ड्यात पडून राहिला तरी त्याची चमक जात नाही, कारण तो कागदच नसतो. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर धातूचा मुलामा असतो. मुठीत चुरगळून मूठ उघडा. घडी तशीच राहिली तर कागद, फुलासारखा परत उमलला तर प्लास्टिक. दुकानात उभ्या उभ्या करता येणारी ही परीक्षा मी सगळ्यांना शिकवते.

बारा-तेरा वर्षं झाली, वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मी रुखवत मांडून देते आणि आहेर बांधून देते. आता लोक आपणहून म्हणतात, "मामी, पन्नी नको, आपलं देशी काही करा." ऐकून फार बरं वाटतं. पण स्वतः करायला बसले की सगळे त्याच त्याच चुका करतात, आणि शेवटी कंटाळून पुन्हा पन्नीकडे वळतात. म्हणून हे लिहिते आहे.

ओलं पान, पांढरं कापड

ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे आणि हिनेच सर्वांत जास्त रडवलं आहे.

माझ्या चुलत नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. ज्येष्ठ संपत आलेला, मृगाचा पाऊस होऊन गेलेला, धुऱ्यावरचा साग नुकताच पालवलेला. नवरीच्या भावाने मोबाईलवर पानात बांधलेल्या भेटवस्तू पाहिल्या आणि मानपानाचे कपडे पानात बांधायचं ठरवलं. मी म्हटलं, पळस घे, वाळवून घे. तो म्हणाला, "मामी, पळसाची चार-चार पानं कोण जोडत बसणार? सागाचं एकच पुरते!" रुखवताच्या घाईत मी "पाहा बाप्पा" म्हणून सोडून दिलं. तेव्हा त्याला हात धरून थांबवायला हवं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याने सकाळी पानं तोडली, संध्याकाळी व्याह्यांचं पांढरं धोतर, टोपी आणि दुपट्टा त्यात गुंडाळला, सुतळीने करकचून आवळला आणि पुडकी टोपलीत एकावर एक रचून ठेवली. दिसायला खरंच देखणी होती. दुसऱ्या दिवशी मांडवात मानपानाच्या वेळी पुडकं सोडलं, तर घडीच्या कडेकडेने लालभडक डाग. जिथे सुतळी रुतली होती तिथे तर ओरखडा निघून रक्त यावं तशा रेघा. मांडव गप्प झाला. व्याही वयस्कर आणि समजूतदार होते. त्यांनी दुपट्ट्याची घडी उलटी केली, डाग आत घेतला आणि तो खांद्यावर टाकला. नणंद मात्र सैपाकाच्या खोलीत जाऊन रडली. पोरगा मोटारसायकल काढून आर्वीला नवं धोतर आणायला पळाला.

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक लेकराला माहीत असतं. लहानपणी आम्ही त्याचीच मेंदी करायचो. तरीही मोबाईलवर काही पाहिलं की माणूस स्वतःच्या धुऱ्यावरचं ज्ञान विसरतो. साग वाईट नाही. पितळेचा तांब्या, मातीचं भांडं, नारळ सागाच्या पानात छान बसतो. कपड्याला मात्र मी साग लावतच नाही.

कपड्याला, सुक्या खाऊला पळस. माझी पद्धत अशी आहे. जून झालेली, पण पिवळी न पडलेली पानं काढायची. पळसाला पाने तीनच, त्यातलं मधलं सगळ्यांत मोठं असतं, ते वेगळं ठेवायचं. ओल्या फडक्याने पुसून, थर लावून, वर पाट आणि पाटावर वरवंटा. सावलीत तीन दिवस. उन्हात टाकलं की पान आकसतं आणि पापडासारखं मोडतं. बांधायच्या आदल्या रात्री पानांवर पाण्याचा हलका हबका मारून ती ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पान कातड्यासारखं वळतं. पत्रावळ्या लावणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आल्या आहेत, मी त्यांच्याकडूनच शिकले. टोचायला बांबूची बारीक काडी. काडी आतल्या कपड्याला लागणार नाही अशी आडवी टोचा. पुडकं बांधून झालं की तासभर वाऱ्यावर ठेवा, मगच टोपलीत भरा. पानात ओल राहिली तर कपड्याला कुबट वास लागतो.

लोकांना हे तीन दिवस जड जातात. लग्नाची तारीख चार महिने आधी ठरते, हॉल चार महिने आधी ठरतो, आणि आहेर बांधायला माणूस आदल्या रात्री दहाला बसतो. अशा वेळी पानाच्या नादी लागू नका, सरळ जुनं लुगडं काढा.

कापड समजून घेतलेलं प्लास्टिक

माझा दुसरा राग यावर आहे. बाजारात रंगीत, हलक्या, दाबून केलेल्या पिशव्या 'कापडी' म्हणून मिळतात. त्यांना ताणा-बाणा नसतो, उजेडात धरल्या तर बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. ते पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. आमच्याकडे एका घरी संक्रांतीचं वाण अशा पन्नास पिशव्यांमधून दिलं होतं. मंडळी अभिमानाने सांगत होती की यंदा प्लास्टिक नाही. पुढच्या वर्षी मी त्यातली एक पिशवी खुंटीवरून काढली तर हातात तिचा भुगा आला. सैपाकघरभर निळा कोंडा झाला, झाडून गोळा होईना. तो कोंडा कोंबड्या टिपतात, अंगणात शिंपलेल्या पाण्याबरोबर नालीत जातो. निदान पन्नी उचलून तरी टाकता येते.

तीच गोष्ट चकाकत्या जाळीच्या बटव्यांची. मऊ लागलं म्हणजे सूत, असं नाही. एक धागा ओढा, घराबाहेर नेऊन काडी लावा. सुताचा धागा कागद जळल्यासारखा वास देऊन राख होतो. नकली धागा वितळून त्याची टणक काळी गोळी होते. दुकानदाराचं न ऐकता धाग्याचं ऐका.

आणि कापसाच्या मुलखात राहून गुंडाळायला कापड विकत कशाला आणायचं? शिंप्याकडे कतरणीची पोती पडलेली असतात. घरात आजीची लुगडी असतात, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाची खादी मला फार प्रिय आहे. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते संग्रहालय उघडलं. पण तिथलं नवं कापड केवळ वेष्टण म्हणून आणणं मला पटत नाही. आणायचंच तर दुपट्टा आणा, त्यात वस्तू बांधा, आणि दुपट्टाही आहेरातच धरा. देणाऱ्याचे पैसे सार्थकी लागतात आणि घेणाऱ्याच्या खांद्यावर तो वर्षानुवर्षं राहतो.

कोरं कापड वापरलंच तर आधी धुऊन घ्या. खळ असलेलं कापड गाठीत बसत नाही, सारखं सुटतं.

गाठ

निरगाठ मारू नका. एवढं एक वाक्य मी शंभर वेळा बोलले असेन. आहेर घेणारी बाई दहा लोकांसमोर दातांनी गाठ सोडवते, शेवटी कुणीतरी कात्री आणतं आणि चांगलं कापड मधोमध कापलं जातं. मग ते पुन्हा कुणाच्या कामाचं? वस्तू कापडाच्या मधोमध तिरपी ठेवा. समोरासमोरची दोन टोकं वर आणली की ती एकमेकांवर चार बोटं तरी चढली पाहिजेत, नाहीतर कापड लहान आहे, मोठं घ्या. ओढून ताणून बसवू नका. शेवटची गाठ सुरगाठ, एका टोकाला हात घालून ओढली की सगळं गाठोडं उमलावं. जड भांडं असेल तर तळाला आधी अंबाडीच्या दोरीचा एक फेरा द्या. अंबाडीचा वाख अजून आमच्याकडे दोन-चार घरी निघतो, तो मिळाला तर रंगीत रिबिनीकडे बघायचीही गरज नाही.

वर्तमानपत्र

फुकट मिळतं म्हणून सगळे घेतात, वाचून कुणी घेत नाही. एका बारशाला चांदीच्या वाळ्यांची डबी अशा कागदात आली होती की बरोबर वरच्या बाजूला, काळ्या चौकटीत, एका आजोबांच्या निधनाची बातमी आणि फोटो. बाळंतिणीच्या आईचा चेहरा मी विसरू शकत नाही. देणाऱ्याच्या मनात काहीही नव्हतं, पण पाहायला नको? पान आधी दोन्ही बाजूंनी वाचा. मी शेतीची पुरवणी नाहीतर मुलांची कोडी असलेली पानंच बाजूला काढून ठेवते. जुन्या कॅलेंडरचं पान त्याहून चांगलं, उलटी पांढरी बाजू वर ठेवली की त्यावर लेकरांना हळदीने नाहीतर गेरूने चित्र काढू द्यायचं.

खाऊ मात्र वर्तमानपत्रात कधीच नाही. लाडू, चकली, अनारसे काहीही असो. तेलकट पदार्थाला शाई लागते आणि ती पोटात जाते. अन्नसुरक्षा खात्यानेही असं न करण्याबद्दल वारंवार सांगितलं आहे. मिठाईच्या डब्यावर आणि लग्नपत्रिकेवर गुंडाळायच्या प्लास्टिकच्या पातळ कागदावर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी दुकानदार गुंडाळतो. खाऊसाठी पळसाचा द्रोण नाहीतर स्टीलचा डबा. भुलाबाईत पोरी खिरापत ओळखायला डबाच हलवतात, त्याला कधी कुणी चमकी लावली नव्हती, तरी आत काय आहे याची उत्सुकता मावत नसे.

आणखी काही, थोडक्यात

चिकटपट्टी. पळसाचं पान बांधून त्यावर प्लास्टिकची पट्टी मारणाऱ्यांना काय म्हणावं? कागद चिकटवायला खळ शिजवा. दोन चमचे मैदा, कपभर पाणी, मंद आच, गाठी होऊ न देता सतत ढवळायचं, पारदर्शक व्हायला लागली की उतरवायची. चिमूटभर तुरटी घातली तर लवकर आंबत नाही. पातळ लावा. जाड थर वाळत नाही आणि रात्रीतून झुरळं कागद कुरतडतात.

नावाची चिठ्ठी जुन्या लग्नपत्रिकेतून कापा, पण गणपतीच्या चित्रावरून कात्री फिरवू नका. आमच्याकडे त्यावरून मोठी माणसं दुखावली गेली आहेत. मागची कोरी बाजू घ्या.

झेंडूचं फूल कागदावर आदल्या दिवशी खोवू नका, ओल उतरते आणि कागद सुरकुततो. द्यायच्या वेळी खोवा.

चमकी, टिकल्या, थर्माकोलचे मणी: नको म्हणजे नको. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन येणाऱ्या लेकरांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, देतानाही नको. वर्षभर अंगणात तेच सापडत राहतं.

त्या लग्नातलं डागाळलेलं धोतर नणंदेने मला देऊन टाकलं होतं. साबणाने डाग फिकटले, गेले नाहीत. त्याचे मी बावीस इंची चौदा रुमाल केले, कडा दुमडून शिवल्या आणि अजून त्यांतच भेटी बांधून देते. देताना सांगते, रुमाल परत पाठवा. चौदातले अकरा अजून फिरून फिरून माझ्याकडे येतात. ज्यांच्याकडे उरलेले तीन आहेत, त्यांनी तुळशीच्या लग्नाआधी पाठवावेत, त्यानंतर मुहूर्त सुरू होतात. आणि पळसाची पानं ज्यांना वाळवून ठेवायची असतील त्यांनी कार्तिकातच काढावीत, पुढे पानगळ लागली की फाल्गुनात झाडावर नुसती फुलं राहतात.