कर्नलचे मॉड्यूल हव्या त्या जागी कसे बसवावे

फोंडा-सत्तरीकडच्या कुळागरात पंप आणि ओलाव्याचे सेन्सर सांभाळायला रास्पबेरी पाय ४ (हा छोटा संगणक) लावला, की एखाद्या ड्रायव्हरसाठी त्याचं लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सोर्सपासून स्वतः बांधायची वेळ येते. पायवर बांधणीला फार वेळ लागतो, म्हणून ती लॅपटॉपवर करतात. घोळ इथेच होतो. मॉड्यूल (कर्नलला गरजेनुसार जोडायचे ड्रायव्हरसारखे तुकडे) पायसाठी बांधलेले असतात, पण 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' ते लॅपटॉपच्याच '/लिब/मॉड्यूल्स' मध्ये नेऊन टाकतं. ती जागा बदलण्यासाठी 'इन्स्टॉल_मॉड_पाथ' आहे.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत द्याव्यात. मेकच्या कमांडमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडची नावं पूर्ण कॅपिटलमध्ये, बाकीचं स्मॉलमध्ये; 'इमेज' चं पहिलं अक्षर मात्र कॅपिटल.

१. आधी कर्नलला वेगळं नाव द्या. 'बीसीएम२७११_डेफकॉन्फिग' (पाय ४ ची तयार सेटिंग) लावल्यावर 'मेन्यूकॉन्फिग' हा सेटिंगचा मेन्यू उघडा आणि जनरल सेटअपमधल्या लोकल व्हर्जनमध्ये '-कुळागर' लिहा. सुरुवातीची आडवी रेघ तुम्हीच घालायची असते. हे टाळू नका. मॉड्यूल बसवताना त्या आवृत्तीचं जुनं 'कर्नल' फोल्डर पुसलं जातं. नाव चालू कर्नलचंच राहिलं, तर चालू कर्नलचे मॉड्यूल जातील. 'मेक कर्नलरिलीज' दिलं की पूर्ण नाव दिसतं. ते टिपून ठेवा. बांधणीनंतर नाव बदललंत, तर पुन्हा बांधावं लागेल, कारण ते प्रत्येक मॉड्यूलमध्ये कोरलेलं असतं.

२. 'इमेज' (खुद्द कर्नलची फाइल), 'मॉड्यूल्स' आणि 'डीटीबीएस' (हार्डवेअरचं वर्णन असलेल्या डीटीबी फाइली) बांधा. ६४ बिट पायसाठी पहिल्या पायरीसकट प्रत्येक मेकला 'आर्च=आर्म६४' आणि 'क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-' द्यायचं. शेवटची रेघ विसरू नका.

३. घरच्या फोल्डरमध्ये 'पाय-रूट' तयार करा आणि चालवा:

मेक आर्च=आर्म६४ क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू- इन्स्टॉल_मॉड_पाथ=/होम/तुमचं-नाव/पाय-रूट इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल

इथे सुडो (रूटच्या, म्हणजे मुख्य वापरकर्त्याच्या, अधिकाराने कमांड चालवणं) लागत नाही, आणि लावूही नये. पाथ आधी 'एक्सपोर्ट' करून मग 'सुडो मेक' दिलं, तर सुडो सहसा ते व्हेरिएबल गाळून टाकतं आणि मॉड्यूल मुकाट्याने लॅपटॉपच्या रूटमध्ये जातात. सुडो नसेल, तर परवानगी नसल्याची चूक दिसते आणि नुकसान टळतं. पाथ '/' पासून पूर्ण लिहा. सापेक्ष पाथ दुसऱ्याच फोल्डरपासून मोजला जाण्याची शक्यता असते. शेवटी 'लिब/मॉड्यूल्स' जोडू नका. ते आपोआप जोडलं जातं; तुम्हीही जोडलंत, तर 'लिब/मॉड्यूल्स/लिब/मॉड्यूल्स' अशी साखळी तयार होते.

'स्ट्रिप=१' मुळे डीबगची माहिती निघते आणि एसडी कार्डावरची बरीच जागा वाचते. फाइलचा फॉरमॅट ओळखता आला नाही, अशी चूक आली तर 'क्रॉस_कंपाइल' द्यायचं राहिलं आहे: लॅपटॉपचा स्ट्रिप पायच्या आर्म प्रोसेसरच्या फाइली उघडू पाहतोय. सह्या असलेले मॉड्यूल मागाहून हाताने स्ट्रिप करू नका, सही मोडते.

४. नेण्याआधी तपासा: 'मॉडइन्फो -बी पाय-रूट -के आवृत्ती सीएच३४१'. 'आवृत्ती' च्या जागी टिपून ठेवलेलं नाव आणि 'सीएच३४१' च्या जागी तुमच्या ड्रायव्हरचं नाव घाला. फाइलनेमच्या ओळीत 'पाय-रूट' आणि व्हरमॅजिकच्या ओळीत टिपून ठेवलेलं नाव दिसायला हवं.

५. आता पायवर नेणं, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथली आहे. सध्याच्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये '/लिब' हे खरं फोल्डर नसून 'यूएसआर/लिब' कडे नेणारी सिमलिंक आहे. 'पाय-रूट' ची टार फाइल करून ती '/' वर सोडली, तर टार ती लिंक काढून तिथे साधं 'लिब' फोल्डर तयार करू शकतं. मग प्रोग्राम सुरू करणारा लोडरच सापडत नाही आणि साधी 'एलएस' सुद्धा चालत नाही. म्हणून फक्त आवृत्तीच्या नावाचं आतलं फोल्डर उचला आणि पायच्या '/लिब/मॉड्यूल्स/' मध्ये ठेवा.

त्याआधी त्यातली 'बिल्ड' नावाची सिमलिंक काढून टाका. ती लॅपटॉपवरच्या कर्नल सोर्सकडे बोट दाखवते, आणि नेटवर्कवरून कॉपी करणारं 'एससीपी -आर' लिंकच्या मागे जाऊन सगळा सोर्स पायवर ओततं. पोचल्यावर फोल्डरची मालकी 'चोन -आर' ने रूटला द्या (इथला आर कॅपिटल). बूट पार्टिशन फॅटचं असतं आणि तिथे सिमलिंक चालत नाही, त्यामुळे मॉड्यूल तिथे ठेवायचे नाहीत.

पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. कॉपी संपताच 'सिंक' चालवा. अर्धवट लिहिलेलं मॉड्यूल यादीत दिसतं, पण लोड होत नाही.

६. पायवर 'सुडो डेपमॉड -ए आवृत्ती' चालवा. ही कमांड मॉड्यूलची यादी बनवते, आणि मॉड्यूल लोड करणारा मॉडप्रोब याच यादीवरून ते शोधतो. इमेज आणि डीटीबी वेगळ्या न्याव्या लागतात. इमेजला नवं नाव देऊन 'कॉन्फिग.टीएक्सटी' मध्ये 'कर्नल=' पुढे ते लिहा. जुनी इमेज राहू द्या. बूट झाल्यावर 'यूनेम -आर' आणि फोल्डरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे.

सोर्सबाहेरचा एखादाच ड्रायव्हर असेल, तर त्याची उपजागा 'इन्स्टॉल_मॉड_डिर' ठरवतं. ते दिलं नाही तर नव्या कर्नलमध्ये 'अपडेट्स' आणि जुन्यात 'एक्स्ट्रा'. आमचा सल्ला 'अपडेट्स' चा: डेपमॉडच्या मूळ क्रमात ते कर्नलच्या स्वतःच्या मॉड्यूलआधी येतं, त्यामुळे एकाच नावाचे दोन ड्रायव्हर असले तरी तुमचाच लोड होतो.